मराठ्यांचा बाण आणि त्याची उडती प्रतिकृति

दिवाळीच्या रात्रीं खारघरच्या उंच उंच इमारतींच्या गच्च्यांवरून अग्निबाण आकाशांत जाऊं लागतात. रिकाम्या बाटलींत काडी रोवावी, वातीला उदबत्ती लावावी आणि चार पावलें मागें सरावें. सर्र असा आवाज होतो, कागदी नळकांडें वर जातें, फुटतें आणि विझतें. मुलांचें एवढ्यानें समाधान होतें. परंतु एखादा चौकस मुलगा 'ही लांबलचक काडी हवी कशाला?' असें म्हणून ती मधोमध मोडतो, आणि मग तोच अग्निबाण वर न जातां गरगर फिरत, कठड्यावर आपटत, कोणाच्या तरी पायांशीं येऊन पडतो. वडील माणसें रागावतात, मुलगा ओशाळतो, आणि प्रश्न तसाच राहून जातो.

वास्तविक हा प्रश्न रागावण्याजोगा नाहीं. अडीचशें वर्षांपूर्वीं मराठी फौजांबरोबर हिंडणाऱ्या कारागिरांस त्याचें उत्तर ठाऊक होतें. मात्र तें त्यांच्या हातांत होतें. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जात होतें. छापील आराखड्यांत आणि मापांच्या कोष्टकांत तें कधीं उतरलें नाहीं. त्याची किंमत काय पडली, आणि आज पुठ्ठा, लांकूड व गणित ह्यांच्या साहाय्यानें जुन्या अस्त्रांच्या उडत्या प्रतिकृति करणारे लोक तें हरवलेलें उत्तर कसें परत मिळवूं शकतात, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

मराठी बखरींत आणि पत्रांत अठराव्या शतकांतील लढायांच्या वर्णनांत 'बाण' हा शब्द आला, तर दर वेळीं धनुष्य डोळ्यांपुढें आणूं नये. दारूनें ठासलेली नळी, तिला घट्ट बांधलेली दांडी, आणि बत्ती दिल्यावर स्वतःच्याच जोरानें धांवत सुटणारें अस्त्र, असा त्याचा अर्थ पुष्कळदां असतो. हें अस्त्र सोडणारा तो बाणदार. मोगलांच्या फार्सी तवारिखांतही 'बान' ह्याच नांवानें तें ओळखलें जातें. दारूची ही युक्ति मूळची चीन देशांतील. तेराव्या शतकांत तेथें ती युद्धांत उतरली, आणि पुढें निरनिराळ्या वाटांनीं पश्चिमेकडे व हिंदुस्थानांत पसरली. सतराव्या शतकांत मोगलांच्या फौजांत बाण सर्रास होते. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर नजीबखानाच्या रोहिल्यांनीं मराठ्यांवर बाणांचा मारा केला. म्हणजे हें अस्त्र कोणा एका राज्याच्या मालकीचें नव्हतें. ज्याच्याजवळ सोरा, गंधक, कोळसा आणि कुशल हात होते त्याच्याजवळ तें होतें.

तोफ असतांना बाण कशाला, असें कोणी विचारील. तोफेला गाडा लागतो, गाड्याला बैल लागतात, बैलांना वाट लागते आणि पावसाळ्यांत ती वाट चिखलांत बुडते. बाणाला एक माणूस आणि एक पेटती बत्ती पुरते. उंटावर बाणांचें ओझें लादून तो कोठेंही नेतां येतो, डोंगराच्या कड्यावर चढवितां येतो आणि रात्रींच्या अंधारांत गुपचुप मांडतां येतो. गोळा आवाजाच्या आधीं येतो, आणि तो दिसत नाहीं. बाण दिसतो, ऐकूं येतो, वांकडातिकडा येतो आणि कोणावर पडेल हें कळत नाहीं. घोडे उधळतात, हत्ती मागें फिरतात, आणि दाट उभ्या असलेल्या स्वारांची फळी आपसूक विस्कटते. त्याचा दोषही ह्याच गुणांत आहे. नेम धरून एकच ठिकाण गांठावें, हें काम बाणाचें नव्हे.

आतां ह्या बाणाची लांबी किती, जाडी किती, दांडी किती, हें कोणी सांगावें? त्यासाठीं शत्रूच्या छावणींतील एका तरुणाकडे जावें लागतें. खारघरहून फार दूर नसलेला ठाण्याचा किल्ला १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनीं घेतला. नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर पुण्याच्या कारभाऱ्यांशीं बिनसलेले रघुनाथराव ह्याच सुमारास इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि १७७५ च्या मार्चांत सुरतेचा तह झाला. त्या तहाप्रमाणें कर्नल कीटिंग हा इंग्रजी फौज घेऊन रघुनाथरावांच्या मदतीस गुजराथेंत उतरला. १८ मे १७७५ रोजीं आणंदाजवळच्या आडास गांवीं हरिपंत फडके ह्यांच्या फौजेशीं त्यांची गांठ पडली, आणि इंग्रजांचे बरेच लोक पडले. ह्या मोहिमेंत कीटिंगबरोबर जेम्स फोर्ब्स नांवाचा एक मुलकी नोकर होता. तो १७६६ सालीं कोवळ्या वयांत मुंबईस आलेला. त्याला चित्रें काढण्याचा आणि जें दिसेल तें टिपून ठेवण्याचा नाद. पक्षी, फुलें, देवळें, माणसांचे पोशाख, कांहींच त्याच्या लेखणींतून सुटलें नाहीं. ह्या टिपणांतून त्यानें पुढें विलायतेंत 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला व तो १८१३ सालीं छापला.

आपल्या लोकांस पुष्कळ त्रास देणाऱ्या मराठ्यांच्या बाणाचें वर्णन फोर्ब्सनें ह्याच ग्रंथांत केलें आहे. त्याचा आशय असा कीं, बाणाची नळी लोखंडी असून आठ ते दहा इंच लांब व जवळजवळ दोन इंच जाड असते. ती कधीं लोखंडाच्या गजाला, कधीं सरळ दुधारी तरवारीला, परंतु बहुधा चार ते पांच फूट लांबीच्या मजबूत वेळूला बांधलेली असते. आणि नळीच्या पुढें लोखंडी अणकुची निघालेली असते. चार ओळींचें हें वर्णन. परंतु त्यांत नळीची लांबी आहे, जाडी आहे, दांडीची लांबी आहे आणि बांधण्याचे तीन प्रकार आहेत. प्रतिकृति करणाऱ्याला ह्याहून मोठा ठेवा कोणता?

अर्थात् लढाईच्या धामधुमींत पाहिलेल्या वस्तूचें माप कितपत खरें मानावें, ही शंका योग्य आहे. तिचें निरसन दोन ठिकाणीं होतें. वुलिच येथील इंग्रजी तोफखान्याच्या संग्रहांत म्हैसूरचे दोन बाण जतन झाले. त्यांतील एकाची नळी १० इंच लांब व २.३ इंच जाड असून ती चामड्याच्या वाद्यांनीं ३ फूट ४ इंच लांबीच्या सरळ तरवारीच्या पात्याला बांधलेली आहे. दुसऱ्याची नळी ७.८ इंच लांब व १.५ इंच जाड असून तिचा वेळू ६ फूट ३ इंचांचा आहे. तरवारीला बांधलेला बाण ही फोर्ब्सची कल्पना नव्हती, हें ह्यावरून उघड होतें. दुसरा पुरावा भूमीनेंच दिला. कर्नाटकांत शिमोगा जिल्ह्यांत नगर नांवाचें गांव आहे. हेंच जुनें बिदनूर, जें हैदरअल्लीनें १७६३ सालीं जिंकलें. तेथील एका जुन्या विहिरींतून २०१८ च्या जुलै महिन्यांत हजारांवर लोखंडी बाणनळ्या निघाल्या. त्यांची लांबी २३ ते २६ सेंटिमीटर, म्हणजे नऊ ते दहा इंच भरली. फोर्ब्सचे आठ ते दहा इंच, वुलिचचे ७.८ व १० इंच आणि नगरच्या विहिरींतील नऊ ते दहा इंच, हीं मापें एकमेकांच्या इतकीं जवळ आहेत कीं, मराठ्यांचा बाण आणि म्हैसूरचा बाण हीं एकाच घराण्यांतील भावंडें होतीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. लोखंडी नळी ही केवळ म्हैसूरची करामत, असा जो समज आहे, तोही फोर्ब्सच्या साक्षीपुढें ढिला पडतो.

म्हैसूरकरांचें श्रेय मात्र ह्यानें कमी होत नाहीं. हैदर व टिपू ह्यांनीं बाणदारांच्या वेगळ्या तुकड्या बांधल्या आणि हें अस्त्र शिस्तीनें, एकदम व मोठ्या संख्येनें वापरलें. १० सप्टेंबर १७८० रोजीं पोल्लिलूरच्या लढाईंत इंग्रजांचे दारूगोळ्याचे गाडे उडाले आणि बेलीची फौज बुडाली. त्या आगीचें श्रेय बाणांना दिलें जातें. ५ एप्रिल १७९९ च्या रात्रीं श्रीरंगपट्टणाजवळच्या सुलतानपेठच्या बागेंत बाणांच्या आणि बंदुकांच्या माऱ्यानें कर्नल वेलस्ली गोंधळून मागें फिरला. हाच पुढें वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन झाला. परंतु ४ मे रोजीं श्रीरंगपट्टण पडलें. इंग्रजांच्या हातीं सुमारें ७०० भरलेले व ९,००० रिकामे बाण लागले, आणि त्यांतील कांहीं नमुने समुद्रापार गेले.

येथून पुढची हकीकत आपल्या दृष्टीनें खेदाची आहे. वुलिचच्या शस्त्रशाळेच्या अधिकाऱ्याचा मुलगा विल्यम काँग्रीव्ह ह्यानें १८०४ च्या सुमारास बाणांवर प्रयोग आरंभिले. त्यानें कोणती जादू केली नाहीं. त्यानें मोजलें. नळी किती जाड केली म्हणजे फुटत नाहीं, दारू किती ठासली म्हणजे कोठवर जातो, दांडी किती लांब ठेवली म्हणजे सरळ जातो, हें त्यानें एकेक करून पाहिलें, लिहिलें आणि त्याचीं कोष्टकें छापलीं. त्याच्या नामांकित ३२ पौंडी बाणाची नळी साडेतीन फूट लांब व चार इंच जाड होती. दांडी १५ फुटांची. पल्ला ३,००० यार्डांचा. १८०६ सालीं बुलोन, १८०७ सालीं कोपनहेगन, १८१४ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें हे बाण पडले. बाल्टिमोरच्या त्या रात्रीचा लाल उजेड अमेरिकेच्या राष्ट्रगीतांत अजून आहे. आणि १८१७ सालीं हाथरसच्या किल्ल्याला वेढा पडला, तेव्हां कंपनी सरकारच्या बंगाली फौजेंतील नव्या बाणपथकानें विलायती बाण घेऊन त्यांत भाग घेतला. हिंदुस्थानांतून गेलेली विद्या अठरा वर्षांत मोजमापाचा पोशाख घालून परत आली, ती आपल्याच तटांवर आदळण्यासाठीं. दारू तीच, लोखंड तेंच, बांबूऐवजीं विलायती लांकूड. फरक पडला तो वहीचा.

आतां उडत्या प्रतिकृतींकडे वळूं. ऐतिहासिक अस्त्राची काचेच्या कपाटांत ठेवण्याजोगी प्रतिकृति करणें ही जुनी कला आहे. परंतु जी प्रतिकृति खरोखर उडावयाची, तिला खोटें बोलतां येत नाहीं. कपाटांतील बाणाची दांडी दोन बोटें आंखूड झाली तर पाहुण्यांच्या तें ध्यानांत येत नाहीं. उडणाऱ्या बाणाची दांडी आंखूड झाली तर वारा तें तत्काळ सांगतो. ह्या छंदाला आजचें रूप अमेरिकेंत आलें. नेब्रास्कांतील नॉरफोक गांवीं जोड्यांचें दुकान चालविणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल नांवाच्या गृहस्थानें १९५४ सालीं पुठ्ठ्याच्या देहाचा, हलक्या लांकडाच्या पंखांचा आणि कारखान्यांतच भरलेल्या लहानशा नळकांड्यावर उडणारा अग्निबाण सिद्ध केला. तो छत्रीवर तरंगत खालीं येई व पुन्हां उडवितां येई. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला, आणि अमेरिकेंतील मुलें तळघरांत दारू कुटूं लागलीं. कित्येकांचीं बोटें गेलीं, कांहींचे प्राण गेले. कार्लाइल आणि त्याचा साथीदार हॅरी स्टाइन ह्यांचें म्हणणें असें कीं, मुलांची हौस दडपूं नये. तिच्यांतून दारू कुटण्याचें काम तेवढें काढून घ्यावें. त्याच वर्षीं ह्या छंदाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि देह धातूचा नसावा, दारू स्वतः भरूं नये, बत्ती दुरून विजेनें द्यावी, असे नियम रूढ झाले.

नळकांड्यांची ताकद मोजण्याची त्यांची रीत सोपी आहे. किती जोर किती वेळ लागला, ह्यांचा गुणाकार करावयाचा. त्या मापाला न्यूटन-सेकंद म्हणतात. रोमन अक्षरांप्रमाणें वर्ग पाडलेले असून प्रत्येक वर्गाची कमाल मर्यादा मागच्याच्या दुप्पट. 'ए' वर्ग अडीच न्यूटन-सेकंदांवर संपतो, 'जी' वर्ग १६० वर. त्यापुढें 'एच'पासून जोरदार अग्निबाणांचें राज्य सुरू होतें. तेथें परीक्षा देऊन दाखला मिळविल्यावांचून कोणाला प्रवेश नाहीं. आतां फोर्ब्सच्या मापावरून एक ढोबळ हिशेब करावा. नळी नऊ इंच लांब, जवळजवळ दोन इंच जाड. पत्र्याची जाडी वजा जातां आंत अदमासें अर्धा किलो दारू मावते. साध्या काळ्या दारूच्या अर्ध्या किलोपासून सुमारें ४०० न्यूटन-सेकंद जोर मिळतो. म्हणजे बाणदाराच्या हातांतील तें अस्त्र आजच्या मोजणींत 'आय' वर्गांत, जोरदार अग्निबाणांच्या दुसऱ्या पायरीवर बसतें. खेळण्यांच्या वर्गांत तें बसत नाहीं. असे शेंकडों बाण एका वेळीं सुटत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे घोडे कां उधळत, हें सांगावें लागत नाहीं.

ह्यानंतर दांडीचा प्रश्न. कोणतीही वस्तु हवेंत सरळ जाण्यासाठीं तिचा गुरुत्वमध्य पुढें आणि वाऱ्याच्या दाबाचा मध्य मागें असावा लागतो. तसें असलें म्हणजे तोंड जरा वांकडें झालें कीं वारा शेपटीला ढकलून तें पुन्हां सरळ करतो. आजच्या अग्निबाणाला ह्यासाठीं बुडाशीं पंख असतात. जुन्या बाणाला दांडी होती. आतषबाजी करणाऱ्या कारागिरांचा जुना ठोकताळा असा कीं, भरलेला बाण बोटावर आडवा तोलला असतां तोल नळीच्या मागच्या तोंडापासून किंचित् मागें, दांडीवर पडावा. ह्या कसोटीवर आपलीं मापें घासून पाहावींत. फोर्ब्सच्या बाणांत दांडी नळीच्या सहापट. वुलिचच्या वेळूच्या बाणांत साडेनऊपट. तरवारीच्या बाणांत मात्र चारपटच. येथें प्रथम घोटाळा वाटतो. परंतु तरवारीचें पातें पोलादाचें, वेळूहून कितीतरी जड. त्यामुळें तें आंखूड असूनही तोल मागें खेंचतें, आणि रुंद सपाट असल्यानें वाऱ्यालाही धरतें. शिवाय बाण पडल्यावर पातें कापीत जातें, हा लाभ वेगळा. म्हणजे तरवार बांधणें ही कोणाची लहर नव्हती. त्या कारागिराच्या मनांत वजन आणि लांबी ह्यांचा पक्का हिशेब होता. त्यानें तो लिहिला नाहीं, म्हणून तो आज त्याच्या हातच्या वस्तूंतून वाचावा लागतो.

अशा प्रतिकृतीनें आणखी एक गोष्ट कळते. लांब शेपटीची वस्तु सावकाश निघाली कीं वारा तिची शेपटी ढकलतो, आणि तोंड वाऱ्याच्या उगमाकडे वळतें, देवळावरच्या वातकुक्कुटाप्रमाणें. म्हणून आजचे लोक अग्निबाणाला आरंभीं उंच सळईच्या किंवा रुळाच्या आधारानें चढवितात. पुरेशी गति आल्यावरच तो आधार सोडतो. बाणदाराजवळ एवढा लांब आधार क्वचितच असे. तेव्हां बाण भरकटे, तो हातांत कसब नव्हतें म्हणून नव्हे. ज्या क्षणीं त्याला सर्वांत जास्त आधार हवा, त्याच क्षणीं तो नव्हता म्हणून. इतिहासाच्या पुस्तकांत 'बाणांचा नेम धरतां येत नसे' असें एक वाक्य असतें. प्रतिकृति त्या वाक्याचें कारण हातांत आणून देते.

ह्या छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाश्चात्य देशांत ज्या ऐतिहासिक अस्त्रांच्या प्रतिकृति विशेष होतात, त्यांत जर्मनांचा 'व्ही-२' प्रमुख. खरा व्ही-२ चौदा मीटर उंच. १९४२ च्या ऑक्टोबरांत तो प्रथम यशस्वी उडाला आणि १९४४ च्या सप्टेंबरपासून लंडन व अँटवर्प शहरांवर पडूं लागला. त्याला सरळ ठेवण्यासाठीं आंत घूर्णयंत्र व ज्वाळेंत बसविलेलीं ग्राफाइटचीं पातीं होतीं. प्रतिकृतींत तीं नसतात, म्हणून तिच्या नाकांत शिशाचें वजन भरावें लागतें. हें झालें यंत्राचें सत्य. परंतु तो बाण भुयारी कारखान्यांत ज्या कैद्यांकडून करवून घेतला, ते मिटेलबाऊ-डोरा छावणींतील हजारों लोक उपासमारीनें व मारहाणीनें मेले, हेंही त्याच यंत्राचें सत्य आहे. काळेपांढरे चौकोन बिनचूक रंगविणाऱ्यानें तें विसरूं नये. आपल्या बाणालाही हा न्याय लागू आहे. तो शौर्याची वस्तु होता तसा मरणाचीही होता. ह्याच छंदाचें निर्मळ रूप पाहावयाचें तर २५ एप्रिल २००९ रोजीं मेरीलँडांत पाहावें. त्या दिवशीं चंद्रावर माणसें नेणाऱ्या सॅटर्न-५ ची एकदशांश प्रतिकृति, ३६ फूट उंच व १,६०० पौंडांहून जड, सुमारें ४,४०० फूट उंच गेली आणि छत्र्यांवर सुखरूप उतरली.

आपल्या देशांत बाणाची कथा दुसऱ्या वाटेनें पुढें गेली. १९६३ सालीं तरुण अभियंता अब्दुल कलाम अमेरिकेंत वॉलॉप्स येथील अग्निबाणतळावर शिकण्यास गेले, तेव्हां तेथील दर्शनी दालनांत इंग्रजांवर बाण सोडणाऱ्या टिपूच्या सैनिकांचें चित्र त्यांस दिसलें. ज्याची आठवण घरीं पुसट झाली होती, त्याचें चित्र परक्यांनीं भिंतीवर लावलें होतें. त्याच वर्षीं २१ नोव्हेंबरला केरळांतील थुंबा येथून 'नायके-अपाची' हा अग्निबाण वातावरणाच्या अभ्यासासाठीं उडाला. त्याचा खालचा टप्पा अमेरिकेच्या 'नायके' नांवाच्या विमानविरोधी अस्त्रापासून आलेला. संहाराचें साधन येथें ज्ञानाच्या कामीं लागलें. चारच वर्षांनीं, २० नोव्हेंबर १९६७ रोजीं, भारतांत घडविलेला 'रोहिणी-७५' उडाला. नांवांतील ७५ हा आंकडा त्याच्या जाडीचा. ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. फोर्ब्सनें पाहिलेल्या मराठी बाणाच्या केवळ दीडपट! जोरदार प्रतिकृति करणाऱ्यांच्या नळ्यांत ७५ मिलिमीटर हें माप आज नित्याचें आहे. म्हणजे रोहिणीची प्रतिकृति लहान करण्याची गरजच नाहीं. ती पूर्ण मापाची करतां येते. एका बाजूस १७७५ चा दोन इंची बाण, दुसऱ्या बाजूस १९६७ चा तीन इंची अग्निबाण. मध्यें १९२ वर्षें आणि एक इंच. शाळेच्या टेबलावर हे दोन शेजारीं उभे केले, तर विज्ञानाच्या व इतिहासाच्या शिक्षकांना एकाच तासाला एकत्र उभें राहतां येईल.

मग खारघरच्या हौशी माणसानें काय करावें? येथें उडविण्याचा विचार करूं नये. सिडकोनें वसविलेल्या ह्या नगरांत आतां जिकडे तिकडे वस्ती आहे. टेकडीवरचें गवत उन्हाळ्यांत ठिणगीची वाट पाहत असतें. आणि दक्षिणेस नवी मुंबईच्या विमानतळाचें ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन होऊन डिसेंबरअखेर तेथून विमानें उडूं लागलीं आहेत. ह्या आकाशांत आतां दुसऱ्यांचे प्राण आहेत. दारू करणें तर १८८४ च्या स्फोटक कायद्याप्रमाणें परवान्यावांचून गुन्हाच आहे, आणि कायदा नसता तरी तें करूं नये. लोखंडाच्या नळींत दारू ठासणें म्हणजे बाँब करणेंच होय. अलीकडे तंत्रविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या तुकड्या जाणत्या देखरेखीखालीं, परवानगीच्या मोकळ्या जागीं अग्निबाण उडवितात. उड्डाणाची हौस तेथें भागवावी.

परंतु जें मुख्य काम, तें खारघरच्या दोन खोल्यांच्या घरांतही होतें, आणि त्याला काडीची आग लागत नाहीं. फोर्ब्सच्या मापाची पुठ्ठ्याची नळी करावी. लोखंड व दारू ह्यांच्या वजनाइतकी वाळू तिच्यांत भरावी. पांच फुटांचा वेळू सुतळीनें बांधावा. बोटावर तोलून पाहावा. मग वेळू एक फूट कापावा आणि पुन्हां तोलावा. मग वेळूच्या जागीं लोखंडाची पट्टी बांधावी आणि तिसऱ्यांदा तोलावा. शेवटीं पुठ्ठ्याची व काडीची एक हलकी लहान प्रतिकृति करून, तोलाच्या जागीं दोरा बांधून, मोकळ्या गच्चीवर ती डोक्याभोंवतीं फिरवावी. तोंड पुढें ठेवून ती फिरली तर दांडी पुरेशी आहे, गिरक्या खाऊं लागली तर आंखूड आहे. आणि प्रत्येक वेळीं जें दिसेल तें, इंच व तोळे ह्यांसह, तारीख घालून वहींत लिहावें.

हें शेवटचें काम सर्वांत सोपें, आणि तेंच आपल्याकडे राहून गेलें. बाणदारांचें धैर्य कमी नव्हतें, लोहारांचें कसब कमी नव्हतें, दारू कमअस्सल नव्हती. त्यांच्या बाणाचें माप आज आपणांस एका परक्या तरुणाच्या टिपणांतून आणि एका विहिरीच्या गाळांतून गोळा करावें लागतें. दिवाळीच्या रात्रीं काडी मोडणाऱ्या त्या मुलावर कोणी रागावूं नये. त्याच्या हातांत एक पट्टी, एक दोरा आणि एक कोरी वही द्यावी.